वाळूवाहू गलबतातून न्यूयॉर्क-दर्शन

मॅनहॅटन बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर फुल्टन स्ट्रीट जिथे पाण्याला जाऊन मिळतो, तिथल्या सोळा क्रमांकाच्या धक्क्यावरून उन्हाळ्याच्या दिवसांत दोन डोलकाठ्यांचे एक जहाज प्रवाशांना घेऊन निघते. त्याचे नाव 'पायोनियर' आणि जन्मसाल १८८५. नाळेपुढे झेपावलेली काठी धरून त्याची लांबी १०२ फूट भरते. प्रत्यक्ष डेक मात्र अवघा ६५ फुटांचा आहे. उंच डोलकाठी ७६ फुटांची. मागे उभ्या असलेल्या वॉल स्ट्रीटच्या गगनचुंबी इमारतींपुढे आणि हडसन नदीत येणाऱ्या अजस्र प्रवासी जहाजांपुढे हे गलबत खेळण्यासारखे दिसते. तरीही लोखंडी बांधणीच्या अमेरिकी व्यापारी शिडाच्या जहाजांपैकी आज अस्तित्वात असलेले हे एकमेव जहाज आहे. साउथ स्ट्रीट सीपोर्ट म्युझियम या सागरी संग्रहालयाची त्यावर मालकी आहे. संग्रहालयाची वस्तू म्हटली की काचेआडची, हात लावू न देण्याची अशी आपली समजूत असते. ही वस्तू मात्र दर मोसमात शेकडो लोकांना पाठीवर घेऊन बंदरात फिरते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे मराठी आईवडील न्यू जर्सीहून एका दिवसाच्या फेरीत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा 'उरकतात'. गर्दीच्या फेरीबोटीतून उतरायचे, छायाचित्रे काढायची, परतायचे. पुतळा पाहून होतो, पण ज्या बंदराच्या मुखाशी तो उभा आहे ते बंदर पाहायचे राहून जाते. हे बंदर वाऱ्याच्या गतीने, म्हणजे ते ज्या गतीने घडले त्या गतीने, पाहण्याची सोय म्हणून या जलसफरीकडे पाहिले पाहिजे.

वाळूसाठी बांधलेले जहाज

'पायोनियर' कोणा धनिकाच्या विहारासाठी बांधलेले नाही. डेलावेअर उपसागराच्या मुखाजवळ खणलेली वाळू पेनसिल्व्हेनियातील चेस्टर गावच्या लोखंडाच्या ओतशाळेपर्यंत वाहून नेणे, एवढेच त्याचे काम होते. ओतकामाचे साचे वाळूचे असतात आणि त्या वाळूची मागणी अखंड असते. पक्के रस्ते आणि मालमोटारी येण्यापूर्वी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो लहान गलबते अशी हमाली करीत होती. मेनच्या बेटांवरचे लाकूड आणि दगड, हडसनकाठच्या विटा, चेसापीक उपसागरातील कालवांची टरफले असा सारा बोजड आणि स्वस्त माल त्यांच्यातून जाई. कोकणच्या खाड्यांतून कौले, वाळू आणि लाकूडफाटा वाहणाऱ्या गलबतांचीच ही दूरची भावंडे.

ही गलबते जवळजवळ सगळी लाकडी असत. 'पायोनियर' लोखंडी झाले याचे कारण ते जिथे बांधले गेले त्या स्थळात आहे. डेलावेअर नदीचा काठ हे त्या काळी अमेरिकेतील लोखंडी जहाजबांधणीचे केंद्र होते आणि मार्कस हुक हे गाव त्याच पट्ट्यात येते. घडीव लोखंडाच्या पत्र्यांचे मालवाहू स्लूप अमेरिकेत दोनच बांधले गेले. त्यांतले हे पहिले. लाकडी गलबत पंचवीस-तीस वर्षांत कुजून नाहीसे होई. लोखंडामुळे 'पायोनियर'ला दीर्घायुष्य लाभले, असे म्हणायला हरकत नाही. मात्र हे दीर्घायुष्य आपोआप आलेले नाही.

स्लूप म्हणजे एका डोलकाठीचे जहाज. त्याचे मुख्य शीड प्रचंड असते आणि ते सांभाळायला माणसेही जास्त लागतात. पुढे 'पायोनियर'वर दोन डोलकाठ्या बसवून त्याचे स्कूनर करण्यात आले. तेच वाऱ्याचे बळ दोन लहान शिडांत विभागले की थोड्या खलाशांत काम भागते, आणि वाळूच्या धंद्यात नफा इतका बेताचा की एका माणसाचा पगार वाचणे ही मोठीच गोष्ट. १९३० च्या सुमारास नव्या मालकांनी जहाज मॅसॅच्युसेट्सला नेले तेव्हा त्यात इंजिन बसलेले होते आणि शिडे वापरातून गेली होती. त्यानंतरची काही दशके एका कळकट कामकरी बोटीची आहेत. १९६६ मध्ये ग्लॉस्टर येथील एका मालकाने ते बऱ्याच अंशी नव्याने बांधून घेतले, पुन्हा डोलकाठ्या उभारल्या आणि गोदीबांधणीच्या आपल्या व्यवसायात राबवले. त्याच्या निधनानंतर १९७० मध्ये ते संग्रहालयाकडे आले.

एवढी डागडुजी झालेले जहाज अस्सल म्हणायचे का, हा वाद जाणकारांत नेहमीचाच आहे. पण कामाच्या जहाजाचे पत्रे, फळ्या, दोर आणि शिडे झिजणार आणि बदलली जाणार, हे बांधणाऱ्यालाही ठाऊकच होते. १८८५ चा प्रत्येक तुकडा जपायचा तर जहाज पाण्याबाहेर काढून छपराखाली ठेवावे लागेल. तसे केले तर तुकडे उरतील, पण वाऱ्यावर कलणारे, दोरांची कुरकुर ऐकवणारे गलबत उरणार नाही. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने दुसरी बाजू निवडली आणि ती योग्य होती.

शीड चढते तेव्हा

धक्का सोडताना इंजिनाची मदत घ्यावी लागते. लहान-मोठ्या फेरीबोटींची वर्दळ आणि पाण्याची ओढ यांमुळे केवळ शिडांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. मोकळ्या पाण्यात आल्यावर मात्र खलाशी प्रवाशांना हाक देतात आणि इच्छा असेल त्याच्या हाती दोर येतो.

या जहाजाची मुख्य शिडे गॅफ पद्धतीची, म्हणजे चौकोनी आहेत. शिडाची वरची कड एका तिरक्या काठीला बांधलेली असते. ही काठी दोन वेगवेगळ्या दोरांनी वर जाते: एक तिच्या डोलकाठीकडील टोकाला, दुसरा बाहेरच्या टोकाला. दोन्ही दोर एका गतीने ओढले गेले तरच काठी आडवी राहून वर सरकते. एक बाजू पुढे गेली की सारे अडकते. म्हणून दोन रांगा करून एका सुरात ओढावे लागते. काठी वर पोहोचली की बाहेरचे टोक आणखी उंच करून शीड ताणले जाते. यंत्राची चरखी नाही; कप्प्या आणि माणसांचे खांदे एवढ्यावरच हे चालते. सारी शिडे उभारली की त्यांचे क्षेत्रफळ २,७३७ चौरस फूट होते. मुंबईतील चार-पाच मध्यम सदनिकांएवढे हे कापड प्रवाशांच्याच हातांनी वर गेलेले असते.

इंजिन बंद होते आणि जहाज किंचित कलते. खरी सफर इथून सुरू होते. पहिल्या काही मिनिटांत माणसे आपोआप हळू बोलू लागतात, कारण ओरडून बोलण्याची गरज उरलेली नसते.

उन्हाळ्यात दुपारनंतर न्यूयॉर्कच्या बंदरात बहुधा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून सागरी वारा येतो. पुतळाही त्याच दिशेला असल्यामुळे जाताना वारा समोरून मिळतो. शिडाचे जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर चालू शकत नाही. नागमोडी वळणे घेत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून वारा धरत ते पुढे सरकते. सरळ रेषेत जे अंतर थोडक्यात कापता आले असते त्याला बराच वेळ लागतो. तो वाया जात नाही. प्रत्येक वळणावर शहराची निराळी बाजू समोर येते: एकदा ब्रुकलिनची जुनी गोदामे, एकदा मॅनहॅटनचे टोक, एकदा न्यू जर्सीचा किनारा. परतीला वारा पाठीशी असतो आणि जहाज जवळजवळ उभे, संथ चालते.

जहाजाचा तळ उथळ आहे. वाळूच्या दांड्यांजवळ जायचे तर तो तसाच हवा. पण उथळ तळाचे जहाज वाऱ्याच्या रेट्याने बाजूला घसरते. त्यावरचा उपाय म्हणून मध्यभागी एक उभा फाळ आहे, तो हवा तेव्हा पाण्यात सोडता येतो. फाळ वर घेतला की साडेचार फूट पाणी पुरते. खाली सोडला की सुमारे बारा फूट लागते.

नदी नसलेली नदी

जहाज जिथून निघते ती ईस्ट रिव्हर नावाचीच नदी आहे. वस्तुतः ती न्यूयॉर्कचा वरचा उपसागर आणि लाँग आयलंडची खाडी यांना जोडणारी सामुद्रधुनी. तिला उगम नाही, फक्त भरती-ओहोटी आहे, आणि तिचा प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो. न्यूयॉर्कची भरती मुंबईच्या मानाने क्षुल्लकच. मॅनहॅटनच्या टोकाशी पाण्याच्या पातळीत सरासरी साडेचार फुटांचाच फरक पडतो. पण दोन्ही टोकांच्या भरतीच्या वेळा जुळत नसल्याने मधल्या चिंचोळ्या पाण्याला विलक्षण वेग येतो. उत्तरेकडील हेल गेट येथे तो पाच नॉटपर्यंत जातो. शिडाच्या कप्तानाला वाऱ्याइतकाच या वेळापत्रकाचा विचार करावा लागतो. पश्चिमेची हडसन ही मात्र खरी नदी. तिच्यातही समुद्राची भरती थेट ट्रॉय शहरापर्यंत, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर आत जाऊन पोहोचते.

धक्क्याच्या उत्तरेला लगेच ब्रुकलिनचा पूल दिसतो. तो १८८३ मध्ये खुला झाला. त्याची कमान पाण्यापासून सुमारे १३५ फूट उंच ठेवली ती शिडाच्या जहाजांसाठीच. 'पायोनियर' त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे.

दक्षिणेकडे वळताना किनाऱ्यावर साउथ स्ट्रीट दिसतो. या रस्त्याला एकोणिसाव्या शतकात 'जहाजांचा रस्ता' म्हणत, कारण नांगरलेल्या जहाजांच्या नाळा थेट रस्त्यावर येऊन पादचाऱ्यांच्या डोक्यांवर लोंबत. त्याच्या आतल्या बाजूला फ्रंट स्ट्रीट, मग वॉटर स्ट्रीट, मग पर्ल स्ट्रीट. किनारा सरकत गेल्याची नोंद ही नावेच सांगतात. डचांच्या काळी पर्ल स्ट्रीट हाच काठ होता आणि तिथल्या कालवांच्या शिंपल्यांवरून त्याला ते नाव पडले. पुढचे सारे रस्ते भराव घालून मिळवलेले आहेत. मुंबईकराला ही कथा नव्याने सांगण्याची गरज नाही.

याच पर्ल स्ट्रीटच्या परिसरात सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम किड नावाचा एक प्रतिष्ठित कप्तान राहत असे. सप्टेंबर १६९६ मध्ये तो या बंदरातून समुद्री चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी हिंदी महासागराकडे निघाला आणि स्वतःच चाचा ठरला. वाटेत कारवारला त्याने तळ टाकला होता. जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ त्याने सुरतेकडे निघालेले 'क्वेदा मर्चंट' हे मालाने भरलेले जहाज लुटले. त्याचा संताप सुरतेच्या इंग्रज वखारीला भोगावा लागला. १७०१ मध्ये लंडनला किडला फाशी देण्यात आले. न्यूयॉर्क आणि आपला पश्चिम किनारा यांचा संबंध विमानांच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा आरंभ फारसा शोभादायक नाही.

बंदराला खरे वैभव प्राप्त करून दिले ते दोन घटनांनी. ५ जानेवारी १८१८ रोजी हिमवर्षाव होत असताना 'जेम्स मन्रो' हे जहाज लिव्हरपूलसाठी ठरल्या वेळी निघाले. आज यात नवल वाटणार नाही. पण तोवर जहाजे माल पुरेसा भरेपर्यंत, वारा अनुकूल होईपर्यंत, कधी कधी आठवडेच्या आठवडे थांबत. ब्लॅक बॉल लाइनने पहिल्यांदा तारीख जाहीर केली आणि ती पाळली. व्यापाऱ्याला माल कधी निघेल हे आधी कळू लागताच सारा व्यापार न्यूयॉर्ककडे ओढला गेला. दुसरी घटना १८२५ ची. ईरी कालव्यामुळे अंतर्भागातील धान्य हडसनमार्गे थेट इथे येऊ लागले.

पुतळा, बेटे आणि रिकामे धक्के

मॅनहॅटनचे टोक मागे पडले की डावीकडे गव्हर्नर्स आयलंड येते. १७२ एकरांचे हे बेट १९६६ पर्यंत लष्कराकडे आणि त्यानंतर १९९६ पर्यंत तटरक्षक दलाकडे होते. दोनशे वर्षे सामान्य न्यूयॉर्ककराला तिथे पाय ठेवता येत नव्हता. २००३ मध्ये केंद्र सरकारने त्याचा मोठा भाग एका डॉलरच्या नाममात्र किमतीला स्थानिक शासनाकडे सोपवला. आता तिथे उद्यान आहे. बेटाच्या टोकावरचा लालसर दगडाचा वर्तुळाकार किल्ला १८११ चा. समोर मॅनहॅटनवर त्याचा जोडीदार, कॅसल क्लिंटन, उभा आहे. याच दुसऱ्या किल्ल्यात १८५५ ते १८९० या काळात सुमारे ८० लाख स्थलांतरितांची नोंद झाली. ते काम पुढे एलिस आयलंडवर गेले. १८९२ ते १९५४ या काळात तिथून एक कोटी वीस लाखांवर माणसे अमेरिकेत शिरली.

पुतळ्याविषयी नव्याने सांगावे असे थोडेच. फ्रान्सच्या जनतेची ही भेट 'इझेर' नावाच्या जहाजातून खोक्यांत भरून जून १८८५ मध्ये बंदरात आली, म्हणजे 'पायोनियर' पाण्यात उतरले त्याच वर्षी. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी तिचे लोकार्पण झाले. तांब्याच्या पत्र्याची जाडी जेमतेम अडीच मिलीमीटर, आत गुस्ताव्ह आयफेल यांनी रचलेला लोखंडी सांगाडा. फेरीबोटीतून पुतळा पाहणारा मान वर करून पाहतो. शिडाच्या जहाजातून तो अर्धा-पाऊण तास हळूहळू मोठा होत जातो, आणि समुद्रावर आठवडाभर काढून आलेल्या स्थलांतरिताला तो कसा दिसला असेल याची थोडीशी कल्पना येते. दूरवर दक्षिणेला १९६४ मध्ये बांधलेला व्हेराझानो पूल धूसर दिसतो. १५२४ मध्ये या बंदरात आलेल्या ज्या इटालियन दर्यावर्द्याचे नाव पुलाला दिले, त्याच्या नावातील एक अक्षर फलकांवर गाळले गेले होते; ते दुरुस्त करायला २०१८ साल उजाडले.

याच टोकाजवळ, बॅटरी उद्यानाच्या कठड्याशी, ११ सप्टेंबर २००१ रोजी हजारो माणसे अडकून पडली होती. पूल आणि बोगदे बंद झाले होते. तटरक्षक दलाच्या हाकेला ओ देऊन फेरीबोटी, टगबोटी, मासेमारीच्या आणि सहलीच्या नौका अशा जे तरंगत होते ते सारे धावून आले. नऊ-एक तासांत सुमारे पाच लाख माणसे पाण्यावरून बाहेर काढली गेली. बेटावर राहत असल्याचे शहराला अनेक दशकांनी त्या दिवशी आठवले.

हा विसर कसा पडला, त्याचे उत्तर पश्चिमेच्या क्षितिजावरच्या क्रेनमध्ये आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. कंटेनर उतरवायला गोदामे आणि हमालांचे तांडे लागत नाहीत. लागते ती विस्तीर्ण मोकळी जमीन. ती मॅनहॅटनला नव्हती, न्यू जर्सीला होती. दोन-तीन दशकांत मॅनहॅटनचे धक्के ओस पडले, कुजले, काही जळाले. बंदर मात्र मेले नाही, ते दृष्टीआड गेले. मोठ्या कंटेनर जहाजांना जागा व्हावी म्हणून बेयॉन पुलाचा रस्ता १५१ फुटांवरून २१५ फुटांवर नेण्यात आला. २०१७ पासून ती जहाजे त्याखालून जातात. साउथ स्ट्रीटवरचा मासळीबाजार १८२२ पासून चालत आला होता. तोही २००५ मध्ये ब्राँक्सला हलला. त्याचा वास गेल्याचे दुःख करणारे थोडे असले तरी त्या किनाऱ्यावरचा शेवटचा मोठा जुना धंदा त्याच्याबरोबर गेला, हे खरेच.

पाण्याची कथा थोडी बरी आहे. १९७२ च्या जलशुद्धी कायद्यानंतर सांडपाण्याच्या प्रक्रियेची कामे मार्गी लागली. मॅनहॅटनच्या पश्चिमेचे मैलापाणी १९८६ पर्यंत तसेच्या तसे हडसनमध्ये पडत होते, यावर आज विश्वास बसत नाही. आता बंदराच्या मुखाशी देवमासेही दिसतात. कालवांच्या खाजणांवर १९२७ मध्ये आरोग्याच्या कारणास्तव बंदी आली होती. २०१४ पासून ती पुन्हा रुजवण्याची मोहीम चालू आहे. ही कालवे खाण्यासाठी नव्हेत, पाणी गाळण्यासाठी. स्वच्छ पाण्याबरोबर एक जुना शत्रूही परतला. लाकूड पोखरणारे किडे घाणेरड्या पाण्यात जगत नव्हते, ते आता धक्क्यांचे लाकडी खांब फस्त करू लागले आहेत. 'पायोनियर'च्या लोखंडी देहाला त्यांची भीती नाही. त्याचा वैरी गंज.

जहाज टिकवण्याचा हिशेब

१९६७ मध्ये पीटर स्टॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संग्रहालय स्थापन केले तेव्हा साउथ स्ट्रीटला पुन्हा जहाजांचा रस्ता करण्याची कल्पना होती. त्या उत्साहात एकामागून एक जहाजे आली. १९७० मध्ये ब्युनोस आयर्सहून 'वेव्हरट्री' आले. हेही १८८५ चे आणि हेही घडीव लोखंडाचे, पण आकाराने किती तरी मोठे. त्याची भारताशी थेट ओळख आहे. बंगालचा ताग स्कॉटलंडला नेण्याच्या धंद्यात त्याने आयुष्याची सुरुवात केली. १९१० मध्ये केप हॉर्नजवळच्या वादळात त्याच्या डोलकाठ्या मोडल्या आणि अखेर अर्जेंटिनात ते वाळू वाहणारा पडाव होऊन राहिले. एकाने वाळूपासून आरंभ केला, दुसरे वाळूपर्यंत येऊन पोहोचले. आज दोन्ही एकाच धक्क्याची आहेत.

चार डोलकाठ्यांचे 'पेकिंग' हे १९११ चे जर्मन जहाजही १९७० च्या दशकात आले. पण जहाज मिळवणे सोपे आणि सांभाळणे कठीण. संग्रहालयाची आर्थिक स्थिती इतकी खालावली की २०११ मध्ये कारभार दुसऱ्या एका संग्रहालयाकडे सोपवावा लागला. त्यातून सावरण्याआधीच ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी इमारतींत शिरले आणि विजेची सारी यंत्रणा खारावून गेली. शेवटी 'पेकिंग'चा निरोप घ्यावा लागला. २०१७ मध्ये एका महाकाय जहाजावर चढवून ते जर्मनीला नेले गेले आणि तिथे त्याचा जीर्णोद्धार झाला. 'वेव्हरट्री'च्या दुरुस्तीवर २०१५-१६ मध्ये सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर खर्च झाले, तेही शहराने पैसा दिला म्हणून. आज ते दिमाखदार दिसते, पण प्रवासाला जात नाही.

लहानगे 'पायोनियर' या सगळ्यांतून तरले, कारण ते स्वतःच्या पोटापुरते काही कमावते. त्याच्या तिकिटातून सगळा खर्च निघतो असे नव्हे. देणग्या आणि स्वयंसेवकांचे हात त्याला लागतातच. पण प्रवासी वाहण्याचा एक मोठा फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. प्रवासी न्यायचे तर तटरक्षक दलाची दरवर्षीची तपासणी चुकत नाही, आणि खाऱ्या पाण्यातील अशा जहाजाला दोन वर्षांतून एकदा तरी सुक्या गोदीत चढवून तळ दाखवावा लागतो. पत्र्याची जाडी मोजली जाते, पातळ झालेला भाग बदलावा लागतो. धक्क्याला बांधून ठेवलेल्या शोभेच्या जहाजाला अशी सक्ती बेताचीच असते. त्याचा तळ आतून खंगत जातो आणि कळते तेव्हा दुरुस्तीचा आकडा कोटींत गेलेला असतो. या धक्क्यावर ज्या जहाजांना काम नव्हते त्यांच्यापायीच मोठी खर्चाची संकटे आली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

सफर करू इच्छिणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्कच्या बंदरात शिडाच्या सफरी अनेक आहेत, पण जाहिरातीतील 'जुने जहाज' या शब्दांची थोडी छाननी करावी. काही जहाजे जुन्या घाटाची, पण अलीकडची आहेत. उदाहरणार्थ, 'क्लिपर सिटी' एकोणिसाव्या शतकातील स्कूनरच्या नमुन्यावर १९८४ मध्ये बांधले गेले. 'शिअरवॉटर' हे १९२९ चे अस्सल जुने जहाज असले तरी मूळची ती धनिकांची विहारनौका. तिचे चकचकीत लाकूडकाम पाहण्यासारखे आहे. 'लेटी जी. हॉवर्ड' हे १८९३ चे लाकडी मासेमारी स्कूनर याच संग्रहालयाचे असून त्यावर प्रामुख्याने नौकानयनाचे शिक्षण दिले जाते. ज्यांना फक्त पुतळ्याचे दृश्य हवे आहे त्यांच्यासाठी स्टेटन आयलंडची फेरी आहे. १९९७ पासून तिला तिकीट नाही.

'पायोनियर'च्या सफरी साधारणपणे वसंताच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत चालतात. जहाज गोदीत असेल तर त्या होत नाहीत, तेव्हा संग्रहालयाचे चालू वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. सायंकाळची फेरी सर्वांत सुंदर, कारण सूर्य पुतळ्यामागे, जर्सीच्या बाजूला मावळतो; पण तिची तिकिटे लवकर संपतात. जुलैतही पाण्यावर गारवा असतो, म्हणून अंगात घालायला काहीतरी जवळ ठेवावे. सपाट, न घसरणारी पादत्राणे हवीत. ज्येष्ठांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: डेक बसक्या कठड्यांचा आणि दोरखंडांनी भरलेला आहे, बसायला आरामखुर्च्या नाहीत आणि वळण घेताना खलाशी सांगतील तेव्हा जागा बदलावी लागते. वारा अगदीच पडला तर उरलेली फेरी इंजिनावर होते. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. त्या वेळी वाळूची गलबते दिवसभर नांगर टाकून वाऱ्याची वाट पाहत असत.

हिवाळ्यात शिडे उतरवून घडी घातली जातात आणि स्वयंसेवक डेकवर येतात. त्यांत कोणी निवृत्त शिक्षक असतो, कोणी वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत काम करणारा. हातोडीने गंज ठोकून काढायचा, खरवडलेल्या जागी गंजरोधक रंग चढवायचा, डोलकाठ्यांना तेल-रोगण लावायचे, झिजलेले दोर बदलायचे, कप्प्या उघडून साफ करायच्या. हे काम मार्चपर्यंत चालते. एप्रिलमध्ये तपासणी अधिकारी येतात आणि मग शिडे पुन्हा काठ्यांना बांधली जातात.